एकेक पेशंट

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवलं की अजून डोकं तापतं. कळव्यात काविळीची साथ होती. दवाखान्यात पेशंटच्या नोंदी मी कॉम्प्युटरवर करायचे. रोजचे पेशंट मोजायला दवाखान्याच्या साहेबांनी स्वतः क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची आज्ञा, लिहिली.

"प्रत्येक ओळीत एकच पेशंट! कसली साथ?" आलेली यादी बघून ते म्हणाले.

"साहेब, तारखेसोबत वेळही आहे. मशीनने प्रत्येक वेळ वेगळी मोजलीय."

"तुम्ही टायपिंग करा."

मी नुसत्या तारखेवर मोजलं. सोमवारचे एकेचाळीस निघाले!

"साथ नाही असा रिपोर्ट वर गेलाय. आता बदलला तर माझी शोभा होईल."

"शोभा तुमची, कावीळ आमच्या पोरांना?" मी ओरडले आणि प्रिंट थेट पाणीखात्यात नेऊन आपटली. संध्याकाळपर्यंत नळ बंद करून टँकर आले.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला: परवानगीशिवाय क्वेरी बदलल्याबद्दल.