बर्फाची बादली आणि माझा पडदा

…बर्फात हो, बर्फात! बादलीभर बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून, न्हाणीघरातला दिवा घालवून, डोळे मिटून बसलेली बाई तुम्ही कधी पाहिलीय? मी पाहिली. भरदुपारी. आणि मी काही मुद्दाम बघायला नव्हते गेले, वाटीभर साखर मागायला गेले होते, दार लोटलेलं होतं, आता लोटलेलं दार म्हणजे उघडंच की! मी म्हटलं, "अहो बाई, झालं काय?" तर ही आमची शेजारची शिंपीणबाई, वय वर्षं एक्कावन्न, अख्ख्या इमारतीचे पडदे हिने शिवलेले, डोळेसुद्धा न उघडता म्हणते, "वहिनी, दोन मिनिटं थांबा, हात अजून बधिर व्हायचेत." बधिर! व्हायचेत! आणि मग ते लालबुंद हात बाहेर काढून, काळोखात चाचपडत, ती सायकलचं चाक खोलायला लागली. का? तर डोंगरात रात्री थंडीने बोटं अशीच होतात, तेव्हा पंक्चर झालं तर काढता यायला हवं, म्हणून सराव! मी साखर तिथेच विसरले.

तर शर्यत आहे म्हणे. ऐन थंडीत. संध्याकाळी सहाला सुटायचं ते सकाळी सहापर्यंत डोंगरातल्या दगडधोंड्यांतून एकाच वाटेवर सायकलने फेऱ्या मारायच्या. मी विचारलं, "आणि पोहोचायचं कुठे?" म्हणते, "निघालो तिथेच." अहो, मग निघायचंच कशाला? पण आपल्याला काय करायचंय म्हणा!

तुम्हाला सांगते, आमची गॅलरी नि तिची गॅलरी काटकोनात. मान वळवली की दिसतंच, आता मान काय कोणी मुद्दाम वळवतं? तर एकदा बघते, मांडीवर चाक घेऊन बसलीय आणि मोठ्या पिचकारीने त्यात पांढरंशुभ्र काहीतरी भरतेय… मी हातातला झारा टाकला! म्हटलं, चाकाला दूध पाजते की काय ही बाई! नंतर कळलं, तो चीक असतो, काटा घुसला की आतल्या आत भोक बुजवतो. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर चढवून जागच्या जागी तीन तास पायडल मारतेय, डोक्याला दिवा, छातीशी वर्तमानपत्रं कोंबलेली, म्हणे वारा लागत नाही. पाण्याच्या बाटल्या सगळ्या उलट्या टांगलेल्या, कारण बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, तोंड खाली असलं की पाणी येतं. आणि दर चाळीस मिनिटांनी गजर! गजर झाला की एक उकडलेला बटाटा मीठ लावून तोंडात. भूक असो नसो. आमचे हे कपात बिस्कीट बुडवत म्हणतात, "अगं, तुला काय करायचंय?" मीही तेच म्हणते. आपल्याला काय करायचंय म्हणा!

पण मागच्या वर्षीचं ठाऊक आहे ना? तिसऱ्या फेरीत दिव्याची बॅटरी संपली, दुसरी द्यायला खाली कोणी नाही, आणि ही बिचारी पहाटेपर्यंत एका दगडाला टेकून काळोखात बसून राहिली. इमारतीत सगळे हसले. तिचा नवरा सगळ्यांपेक्षा मोठ्याने. ती आठवडाभर नुसती मशीन चालवत होती, खटाखट खटाखट… मी ऐकत होते. म्हणजे, ऐकू येत होतं.

म्हणून यंदा नियम निघाला : एकटं यायचं नाही. खाली तंबूत रात्रभर जागणारं एक माणूस हवंच. बॅटरी बदलायला, बटाटा हातात द्यायला, "पुढच्या फेरीला जाऊ नकोस" म्हणायला. तिचा मुलगा येणार होता. तो इस्पितळात रक्त तपासतो, त्याची पाळी बदलली. नवरा म्हणाला, "मी थंडीत गारठायला वेडा आहे का?" आणि नाव द्यायची मुदत शुक्रवार! चार महिन्यांचा बर्फ, बटाटे, सगळं पाण्यात!

गुरुवारी मी विसरलेली साखर मागायला गेले. बाई शर्यतीत नाव द्यायचा कागद पुढ्यात घेऊन बसलेली. एकदम विचारते, "वहिनी, काल मी शेवटचा बटाटा किती वाजता खाल्ला?"

"चार दहाला," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं!

"त्याआधी?"

"साडेतीनला. पण अर्धाच खाल्लात, अर्धा कुंडीमागे टाकलात."

बाईने पेन उचललं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणते कशी, "दोन महिने तुमचा पडदा हलतोय. मीच शिवलाय तो. वाऱ्याने कसा हलतो नि माणसाने कसा हलतो, मला कळतं." आणि कागदावर माझं नाव लिहूनसुद्धा टाकलं! मी ओरडले, "अहो, मी? मला पंख्याचा वारा सोसत नाही!" तर हळूच म्हणाली, "नवऱ्याला मी कुठल्या हाताने जेवते ते सांगता येणार नाही, वहिनी. माझ्याकडे इतकं लक्ष देणारं दुसरं कोण आहे?"

मी साखरेची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "अर्धा बटाटा टाकलेला मला चालायचा नाही. आधीच सांगून ठेवते."

तर सध्या माझाही सराव चाललाय. रोज रात्री गॅलरीत, कानटोपी, दोन शाली, मांडीवर गजराचं घड्याळ, समोर उलट्या बाटल्या. दात वाजतायत, पण बसते. आणि काल बघते तर काय… वरच्यांचा पडदा हलला! खालच्यांचा हलला! कोपऱ्यातल्या मास्तरांनी तर चष्मा लावून, सरळ खिडकीत खुर्ची टाकली!

शी! लोकांना दुसऱ्याच्या गॅलरीत डोकावायची एवढी कसली मेली हौस, म्हणते मी!