सायकलची सीट

तुम्हाला सांगते, कामासाठी दोन महिने कोपनहेगनला जायचं आहे असा ऑफिसचा फोन आला, तेव्हा मी वाटाणे सोलत होते. ते तसेच टाकून घरभर फिरत राहिले. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची घडीची सायकल बरोबर न्यायचीच, असं का कोण जाणे डोक्यात बसलं.

धाकटा दीर इथल्याच, बंगळूरच्या बसवनगुडीहून मदतीला आला. सायकलची घडी झाली, पण सीटचा दांडा पिशवीबाहेर आला.

"वैनी, सीट खाली करू?"

"राहू दे तशीच."

"उंटाची मान दिसते हो. आणि अण्णाच्या उंचीला लावलेली सीट, तुमचे पाय पोचणार कसे?"

"बघू तिकडे."

विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सीट स्वल्प खाली करा. अशी नाही जाणार."

दिराने दांड्याचा खटका उघडायला हात घातला. मी तो हात धरला.

"वैनी, पेनाने खूण करतो. आल्यावर परत तिथेच चढवू."

"नको."

मागची रांग कुरकुरायला लागली. मी एकदा सायकलकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते.

"मॅडम, मग सायकलचं काय?"

"माझा दीर नेईल. घरी."

 दीर सायकल उचलून निघाला.

तिकडे मी रोज बसने ऑफिसला गेले. परत येऊनही आता बरेच दिवस झाले. त्या सायकलवर मी अजून बसलेली नाही.