इरिबारेनची फळी

— चर्चची कमान सुंदर आहे, खरंय. आठ-नऊशे वर्षांची आहे म्हणतात. वळचणीखालची कोरलेली माकडं, एकमेकांच्या दाढ्या ओढणारे ते दोन दगडी बाप्ये — सगळ्यांचे फोटो काढा. पण नव्या फरशीचं कौतुक माझ्यापुढे करू नका, पाहुणे. किल्ली द्या इकडे. तुम्ही शहरातली माणसं चर्चमध्ये शिरलात की मान वर करता. आम्ही बायकांनी कधी वर बघितलंच नाही — आमचं सगळं पायाखाली. काय होतं पायाखाली? ओकच्या फळ्या. घरटी एक, आणि तिच्याखाली त्या घरची मेलेली माणसं. पुढे गावाबाहेर दफनभूमी झाली, पण फळी घराचीच राहिली. घरच्या बाईनं तिच्यावर गुडघे टेकायचे, मेणबत्ती लावायची. आमच्या इरिबारेन घराच्या फळीला माझ्या सासूच्या गुडघ्यांचे खळगे होते. जिवंतपणी तिचं-माझं कधी पटलं नाही, पण त्या खळग्यांत माझे गुडघे बरोब्बर बसायचे — हसताय काय? आणि आन्दोनी, माझा मुलगा — तो मासेमारीच्या बोटीवर गेला, पार उत्तरेला, बर्फात. बोट परत आलीच नाही. दफनभूमीत त्याचा दगड नाही, खाली ठेवायलाच काही नाही. मग तो कुठे? फळीवर. तिथं मेणबत्ती लावली की पोरगं घरी आलं, इतकं सरळ होतं ते.

मग आले जीर्णोद्धारवाले. म्हणाले, लाकूड नंतरचं आहे, आम्हाला मूळ रूप आणायचंय. त्या मूळ रूपात दगड बसतात, आम्ही बसत नाही. फादर बालेन्तिन म्हणाले, घाबरू नका, प्रत्येकीनं आपल्या फळीवर खडूनं घराचं नाव घाला, काम झालं की परत बसवू. घातलं. मी तर दोनदा गिरवलं. फळ्या हिवाळाभर बाहेरच्या ओवरीत रचून ठेवलेल्या; आत दगडी फरशी बसली, तरी त्या तिथंच. उद्घाटनाला गावजेवण — निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या. काय चव होती — मीच म्हटलं हो, शेजारच्या बेनिताला म्हटलं, जुन्या ओकचा निखारा वेगळाच. मागून घेतलं दुसऱ्यांदा. आणि हाडं टाकायला गेले, तर राखेच्या कडेला फळीचा तुकडा. खडूनं 'इरिबा'. पुढचं जळलेलं.

कुणी जाळल्या? आमच्याच पोरांनी. सणाला, गावजेवणाला इथं प्रत्येक घर सरपण देतं, त्यावर आपलं नाव घालून. त्यांना वाटलं, यंदा बायकांनी चांगलं वाळलेलं दिलंय. आता कुणाला शिव्या देऊ? फादर म्हणतात, फरशी धुवायला सोपी. मेणबत्ती बंद, डाग पडतात. किल्ली तेवढी माझ्याकडे, कारण दिवसभर दारात बसून राहणारं दुसरं उरलंय कोण? मी आत पाऊल टाकत नाही. रागानं? रागानंच, मग काय. ते खाल्लेलं अजून घशाखाली उतरलेलं नाही माझ्या.

तुम्ही कुठे उभे होतात, इतका वेळ? — उजवीकडे? त्या चिंचोळ्या खिडकीखाली, खांबाला टेकून?

तिथंच होती आमची फळी.

नाही, माफी नको. तुम्हाला काय माहीत. चिखलाचे बूट काय, आता कुणीही घालून जातं. एवढंच सांगा — तिथं पायाला गार लागत होतं का? फार?

जा आता. मला दार लावायचंय.