गाळलेलं पाणी

सांगलीत पाणी तपासायच्या रांगेत एक म्हातारं जोडपं माझ्यापुढं उभं होतं. शप्पथ, ह्यातला एक शब्द बी माझा न्हाई.

"आवं, बाटली सांडाल."

"हे पाणी पास झालं तरच आपली विहीर राहणार, न्हाईतर बुजवणार. शेजारनंच शहराचं पाणी उचलत्यात, त्यात आपल्या विहिरीचं झिरपंल म्हणत्यात."

"कारखान्याचं विष मुरलं व्हतं, ते दोन वर्सं उपसून साफ केलं की कारखान्यावाल्यांनी. त्याआधी काय पाणी व्हतं! एका तांब्यासाठी रहिमतपूरचा पाव्हणा आठ दिस राहिला."

"तुझा भाऊ व्हता तो. जेवणासाठी राहिला."

"असू दे. मी तर दुहेरी फडक्यातनं गाळून आणलंय."

"गाळलंस? त्रिशला, तपासायला जसंच्या तसं पाणी लागतंय!"

"लग्नाच्या दुसऱ्या दिशी सासूबाईंनी शिकवलं, गाळल्याबिगर घ्यायचं न्हाई. हात आपसूक गेला."

"आणि फडकं?"

"आपल्या जैनांच्या रीतीपरमाणं उलटं करून विहिरीतच धुतलं. त्यातले जीव परत पाण्यात जायाला पायजेत."

"कसले जीव? दोन वर्सं बेडूक टिकला न्हाई तिथं."

"बारीक किडा व्हता. वळवळत व्हता."

"जित्ता?"

"जित्ता."

"म्हंजे विहीर जगली! चल, परत जाऊ. बाटली पुन्यांदा भरू, न गाळता."

"आवं, नंबर आलाय की आपला!"

"ह्या मागच्या आजींना जाऊ दे."