पहिलं पान उलटेना

...आणि वर मलाच म्हणतात, "मंडळाचा सुरुवातीचा इतिहास तूच सांग, तू कॉलेजात शिकलीस ना!" अहो, काय सांगू? इतिहास पुढे सरकावा लागतो, आमचं तर पहिलंच पान उलटत नव्हतं!

तुम्हाला सांगते, महिला अभ्यास मंडळ काढलं तेव्हा मी नुसती पेटले होते. वाचनालयाची मागची खोली मिळवली, बाकं पुसली, खगोलशास्त्राचं पुस्तक निवडलं आणि भाषणाच्या भरात एक नियम करून टाकला... प्रत्येकीला समजल्याशिवाय पान उलटायचं नाही! काय टाळ्या पडल्या! आता नियम म्हणजे नियम... आणि केला कुणी? मीच!

पहिलंच वाक्य, 'आकाश म्हणजे निव्वळ पोकळी.' झालं! माझी सख्खी आत्या, हो, हिला मीच ओढून आणलेली, चष्मा कपाळावर चढवून म्हणते, "पोकळी म्हणजे काहीच नाही ना गं? मग निळं काय दिसतं?" मी म्हटलं, आत्या, प्रकाश हवेच्या कणांवर आपटून विखुरतो. "म्हणजे कण आहेत! मग पोकळी कशी? पुस्तक खोटं बोलतंय की तू?" शेजारून नर्सबाई, जन्मभर वॉर्डात हुकूम सोडलेला आवाज, "मलाही नाही समजलं. उलटू नका पान!" पुढच्या खेपेला शिवणवाली म्हणाली, "मला समजलं होतं हो, पण घरी नवऱ्याला सांगायला गेले नि गेलं!" परत पहिल्यापासून! मी रडकुंडीला आले, पण नियम म्हणजे नियम... आणि केला कुणी? मीच!

अशात ग्रंथपाल दारात, किल्ल्यांचा जुडगा वाजवत. "बाई, बुद्धिबळवाले खोली मागतायत. शनिवारी येऊन बघतो काय अभ्यास झालाय तो. नसेल तर..." अहो, खोली गेली तर बसायचं कुठे? कुणाच्या घरी बसलं की चहा टाका, मुलं आवरा, पाहुणे आले, उठा... दार लावून प्रश्न विचारायला मिळालेली आत्याची उभ्या आयुष्यातली ही एकच जागा! मी हात जोडले, "आत्या, शनिवारपुरतं समजलं म्हण गं!" ती शांतपणे म्हणाली, "न समजता समजलं म्हणतच संसार केला. इथेही तेच करू?"

मी जोडलेले हात सोडले. नियम म्हणजे नियम...

शनिवारी ग्रंथपाल आले. "किती पानं झाली?" आत्या उठली. "भाऊ, आधी बसा. आकाशात काही आहे की नाही?" "नाही." "मग निळं काय?" "ते... म्हणजे असं बघा..." त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, खिडकीबाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. नर्सबाई गरजल्या, "नाही ना समजलं? लाजू नका, इथे चालतं!"

तर खोली राहिली. 'अभ्यास फार खोलवर चालतो' असा शेरासुद्धा मारला. फक्त जाताना पुस्तक काखेत मारून घेऊन गेले... वाचनालयातली एकुलती एक प्रत! म्हणाले, "आधी मी बघतो." ते अजून बघतायत! म्हणजे खोली आहे, बाकं आहेत, बायका वेळेवर येतात, आणि अभ्यासाला पुस्तकच नाही! मी कपाळाला हात लावून बसले, तर आत्या म्हणते, "बरंच झालं गं... सारखं मध्ये मध्ये यायचं ते!"