विचारायचं राहून गेलं

मी कौसल्या. आमचं घर दौलताबादच्या पलीकडच्या वाडीतलं, धनगराचं. बाप मेंढरं घेऊन सहा सहा महिने बाहेर, माय मागं, मला शाळेत घालायचं कोनाच्या डोक्यातबी नव्हतं. मोठा भाऊ बाजीराव, मी त्याच्या पाठीवरची. दादा बापाला म्हनला, हिला घाला शाळेत, मी जातो मेंढरांमागं. म्हनून मी शिकले बघा, त्याच्या जिवावर शिकले.

नर्सिंगला गेले तव्हा शिकवनाऱ्या बाई सांगायच्या, मानूस जो भाग झाकतो त्याचं दुखनं तो सगळ्यात शेवटी सांगतो, म्हनून तुम्ही विचारायचं. पडदा ओढायचा, सोबतच्याला बाहेर काढायचं, हात धुवायचे, थंड हात लावायचा नाय, आनि आधी विचारायचं मग बघायचं. बाईला, पाळी कधी आली, अंगावरून पांढरं जातं का, मधीच लाल जातं का, बाळंतपनं किती, पोट पडलं का. गड्याला, लघवीला जळजळतं का, धार नीट हाय का, अंडाला सूज, गाठ काही हाताला लागते का. लई लाज वाटायची, काय सांगू तुम्हाला. एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हनला, पोरी, तुला बाप नाय का. मी बाहेर जाऊन रडले. मग हळूहळू जीभ सुटली.

पुढं लगीन झालं, शहरातल्या दवाखान्यात लागले आनि मोठा दुष्काळ आला. दुष्काळ लोकांला शेतात दिसतो, मला पडद्यामागं दिसला. बाया यायच्या, मांड्या सोललेल्या, खाज, वास. विचारलं की म्हनायच्या, सिस्टर, प्यायला पानी नाय तर पाळीचा कपडा कशात धुवायचा, तसाच वाळवतो आनि पुन्हा घेतो. गडी यायचे मूतखड्यानं वाकलेले, दिवसभर उन्हात राबून तांब्याभर पानी प्यालेले.

त्याच साली दादानं मेंढरं विकली. चारा नाय, पानी नाय, करतो काय. वैनीला घेऊन शहराच्या कडेला मुकुंदवाडीला आला, पत्र्याच्या खोलीत राह्यला. तिकडं तव्हा नुसत्या बिल्डिंगा उठत व्हत्या, त्याला सेंट्रिंगचं काम लागलं. दर रविवारी मह्याकडं यायचा. उंचापुरा गडी, पस्तिशीचाबी नव्हता. एका रविवारी बघितलं तर पाय फाकवून चालतोय, बसला तर एका अंगावर. मी म्हन्लं, दादा, काय झालं रं? तो म्हनला, फळीवरून पाय घसरला, मुरगळलाय. मी बघितलं, पाय सुजलेला नव्हता. मला कळलं व्हतं हो! मी रोज तेच बघत व्हते, मला कळनार नाय व्हय? पन तोंडातून शब्द निघंना. तो मव्हा थोरला भाऊ. मी चहा टाकला, तो पिऊन गेला, मनात म्हन्लं पुढच्या रविवारी विचारू.

असे किती रविवार गेले. दवाखान्यात अनोळखी गड्यांना सकाळपासून तेच विचारायचे आनि घरी भावाला चहा द्यायचे.

मग त्याला खोकला लागला. वाळत गेला. एक दिवस खोकताना रक्त पडलं तव्हा वैनीनं धरूनच आनला. डॉक्टरांनी सगळं बघितलं, मला बाजूला घेतलं, म्हनले, सिस्टर, गाठ अंडाची हाय, आता छातीत गेलीय. सुरवातीला आला असता तर एक बाजू काढून बरा झाला असता. आधी दुखत नव्हती म्हने ती गाठ, म्हनून त्यानं अंगावर काढली.

मी त्याच्या खाटेपाशी गेले. म्हन्लं, दादा, मी नर्स हाय, मला का नाय सांगितलं? तो भिंतीकडं बघत म्हनला, कौसा, तू बहीन हायेस, तुला असलं कसं सांगू. मग म्हनला, मला वाटलं तूच विचारशील.

पोळ्याच्या आधी गेला तो.

तेराव्याला पाव्हने गेले, भांडी घासता घासता वैनी मान खाली घालून म्हनली, वन्सं, त्यांनी मला शपथ घातली व्हती, नायतर मी सांगनार व्हते. मग ती आनखी हळू म्हनली, मलाबी दोन महिने झाले मधूनमधून लाल जातंय. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. दाराला कडी लावली, तिला समोर बसवलं आनि सगळं विचारलं, एकूनएक. ती रडत व्हती, मी विचारत व्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात नेली. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर लागलेला व्हता, पन पसरलेला नव्हता. पिशवी काढली. वाचली.

आता मी रिटायर झाले. मव्हा मालकबी गेला, वैनी आनि मी एकाच घरात राहतो. आजूबाजूच्या बाया येतात, गडीबी येतात, दारात घुटमळतात, मी आत घेते आनि मीच आधी विचारते. देव सगळ्यांला धडधाकट ठेवो, दुसरं काय मागू.

कधी कधी संध्याकाळी वैनी म्हनती, वन्सं, तुम्ही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का हो? मी म्हनते, नसतं सांगितलं. ती म्हनती, व्हय, नसतंच सांगितलं. दोघी खोटं बोलतो, दोघींला माहीत हाय, आनि मग ती भाकरी थापायला उठती.