रानकांद्याची मागणी

दाताच्या दवाखान्यात मावशी-भाची बोलत होत्या. शेजारी सुजलेला गाल धरून बसलेले मास्तर कान टवकारून ऐकत होते.

"मागणी घालायला आला, आणि हातात कांदा?"

"रानकांदा, मावशी. गड्ड्यासकट! पोकळ दांड्यावर जांभळ्या फुलांचा चेंडू."

"वास सुटला असेल की!"

"पान चुरडलं तरच येतो. आणि मी वेडी, आनंदानं तो छातीशी आवळला."

"मग?"

"डोळ्यांतून धारा! त्याला वाटलं, नकार. गेला निघून."

"अगं बये, आधी फोन लाव!"

भाचीने फोन लावला, लाजत "हो" म्हणाली आणि ऐकतच राहिली.

"काय म्हणतोय?"

"गड्डा मातीत लाव म्हणतोय. वर्षभरात भोवती पिल्लं धरतात."

"त्याला म्हणावं, आधी लग्नाची तारीख धर!"

हसताना मास्तरांचा दात फार दुखला.